सुई संदेशची, सही सुहानाची

माणसं रकान्यात बसवायची, हे माझं काम. बारामतीत भिगवण रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या एजन्सीचं ऑफिस आहे. सरकारी दवाखाने, वसतिगृहं, कचेऱ्या यांना कंत्राटावर माणसं पुरवायची, हा आमचा धंदा. टेंडर निघालं की त्यात लिहिलेलंच असतं, अकुशल इतके, अर्धकुशल इतके, कुशल इतके, आणि त्यातल्या प्रत्येकाचं शिक्षण काय हवं, अनुभव किती हवा. मग मी, म्हणजे विजयमाला, कपाटातल्या फायली काढते आणि कोण कुठं बसतंय ते बघते. जो बसत नाही त्याला बसवते. एकदा एका एम.ए. झालेल्या पोराची पदवी झाकून मी त्याला वॉचमन केला, कारण जास्त शिकलेला माणूस टिकत नाही म्हणून कुणी घेत नव्हतं. तो बिचारा अजून मला दिवाळीला मेसेज पाठवतो.

सुहाना माझ्यापुढं पहिल्यांदा येऊन बसली तेव्हा तिच्याबरोबर तिचे वडील होते, सिकंदरभाई. इंदापूर तालुक्यातलं वरकुटे त्यांचं गाव. बागा फिरून पेरू घ्यायचे आणि बाजारात गाड्यावर विकायचे, हा त्यांचा व्यवसाय. एक पिशवीभर पेरू त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि पोरीची फाईल त्याच्या शेजारी ठेवली. पोरीनं डीएमएलटी केलेलं होतं. म्हणजे रक्त, लघवी तपासायचा डिप्लोमा. फाईलमधल्या प्रत्येक कागदाला प्लॅस्टिकचं पाकीट होतं.

"पोरगी लॅबमधी बसली पायजे ताई," सिकंदरभाई म्हणाले. "दुसरं काय न्हाय मागत."

लॅबची जागाच नव्हती. त्यांच्याच तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात (नाव सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे) सफाईची एक जागा रिकामी होती. आमच्या धंद्यात अशा वेळी एकच वाक्य बोलतात, आधी आत शिर, मग बघू. मी तेच बोलले आणि उद्या कुणी आलं तरी तेच बोलेन, कारण दुसरं बोलायला काही नसतं. सुहानानं वडिलांकडं बघितलं. मग मला म्हणाली, "लॅब त्याच इमारतीत हाय ना ताई?"

म्हटलं, त्याच मजल्यावर आहे.

"मग चालंल."

अशी ती अकुशलमध्ये बसली. लॅबच्या बाहेरची फरशी तिच्याकडं आली.

वर्षभरानं नवं टेंडर आलं आणि त्यात चक्क प्रयोगशाळा तंत्रज्ञाची जागा होती. कुशल वर्ग, शिक्षण डीएमएलटी. मी तर टेबलावर हात आपटला. फाईल घेऊन सरळ सुयोगदादाच्या केबिनमध्ये गेले. सुयोगदादा आमचा मालक. वयानं माझ्यापेक्षा लहान आहे, पण बारामतीत ज्याच्याकडं चारचाकी आणि चार कंत्राटं आहेत तो दादाच असतो. त्यानं फाईल उघडली, डिप्लोमा बघितला आणि खूश झाला.

"झकास. हिचंच नाव लाव. आपल्याकडं दुसरा डिप्लोमाच न्हाय."

मी पुढं काही बोलायच्या आत म्हणाला, "आन् कामाला संदेश जाईल."

संदेश म्हणजे त्याचा मेहुणा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी बसलेला, केसांची निगा मात्र चांगली राखणारा.

"अहो पण दादा, पोरगी पात्र आहे. तिलाच बसवा की."

"पात्र हाय म्हणून तर नाव तिचं लावतोय. संदेशला घरी बसवला तर मला जेवायला मिळायचं न्हाय, विजयाताई."

मी भांडले. खोटं सांगत नाही, चांगली भांडले. त्यावर त्यानं सगळी मांडणी मला समजावून सांगितली आणि ती ऐकून माझं डोकंच फिरलं. कुशल माणसांची हजेरी चेहरा दाखवायच्या मशीनवर होती, सफाईवाल्यांची अजून सहीवरच होती. म्हणून सुहाना सकाळी तंत्रज्ञ म्हणून मशीनला तोंड दाखवणार आणि मग झाडू घेणार. झाडूवर नाव तिच्या आईचं, वहिदाचं. संदेश लॅबमध्ये काम करणार. तंत्रज्ञाचा पगार सुहानाच्या खात्यातून संदेशकडं जाणार आणि आईचा तिला. म्हणजे वरकुट्यात घरी भाकरी थापणारी बाई कागदावर दवाखान्यात फरशी पुसत होती, फरशी पुसणारी पोरगी रक्त तपासत होती, आणि रक्त तपासणारा गडी कागदावर कुठंच नव्हता.

"दोन वर्षं झाली की अनुभवाचा दाखला तिच्या नावाचा देतो," सुयोगदादा म्हणाला. "तिचं काय वाईट झालं सांगा."

सुहानाला हे सांगायला मीच गेले. वाटलं होतं रडेल, चिडेल. तिनं मॉपची बादली बाजूला सरकवली आणि लॅबच्या दाराकडं बघितलं.

"दाखल्यावर तंत्रज्ञ असंच लिहिणार ना?"

"हो."

"मग दोन वर्षं काय, अशी जातील," ती म्हणाली.

कागदाला एवढा मान देणारी माणसं आमच्याच भागात असतील. पण तिला नावं ठेवायला माझं तोंड कुठंय? माझं सगळं आयुष्य तेच करण्यात गेलं. कागद बसला की माणूस बसला, असंच मी धरून चालत आले.

मी महिन्यातून एकदा हजेरीचे कागद न्यायला त्या दवाखान्यात जायचे. सुरुवातीला संदेशचा नुसता धिंगाणा होता. पेशंटच्या हाताला चार-चार ठिकाणी टोचायचा, बायका ओरडायच्या, पोरं हात काढून पळायची. लोकांच्या हातांवर शिकला तो. पण शिकला, हे मान्य करायला पाहिजे. मला तो आवडत नाही, तरी मान्य करते. रोज पन्नास-साठ माणसं समोर बसली की दगडालाही शीर सापडायला लागेल. सहा महिन्यांत तो पेशंटशी क्रिकेटवर गप्पा मारत मारत रक्त काढायला लागला.

सुहानानं एकदाच सुई हातात घेतली होती. संदेश जेवायला गेलेला, एक म्हातारी ताटकळत बसलेली. सुहानानं साबणानं हात धुतले, हातमोजे घातले आणि म्हातारीला आत घेतलं. तेवढ्यात म्हातारीचा मुलगा आला आणि दवाखाना डोक्यावर घेतला. "आत्ता हिला संडास धुताना बघितलीय मी. हिच्या हातून सुई टोचून घ्यायची का?" पोरगी खिशात डिप्लोमा घेऊन थोडीच फिरत होती. आणि दाखवणार तरी कुणाला, कागदावर ती आधीपासून लॅबमध्येच होती. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, परत लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. साहेबांना खरं काय ते माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. त्यांना काम होण्याशी मतलब.

मात्र रोज संध्याकाळी संदेश रिपोर्टांचा गठ्ठा बाहेर घेऊन यायचा आणि ती बाकावर बसून एकेकावर सही करायची. सही तिचीच लागायची ना. तालुक्यात अशी घरं थोडी असतील जिथं सुहानाच्या सहीचा एखादा कागद फळीवर पडलेला नाही. सिकंदरभाईंना बाजारात कुणीकुणी रिपोर्ट दाखवायचं, "पोरगी तुमचीच का?" ते गाड्यावरचा चांगला पेरू काढून त्या माणसाच्या हातात द्यायचे. त्यांना सगळं माहीत होतं. तरी पेरू द्यायचे.

दोन वर्षं सरली आणि बारामतीतल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यासाठी दुसऱ्या एजन्सीनं माणसं मागवली. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डीएमएलटी, दोन वर्षांचा अनुभव. मी जाहिरात दोनदा वाचली. इतकी वर्षं हे काम करते, पण न ढकलता, न दाबता रकान्यात जशीच्या तशी बसणारी फाईल मी पहिल्यांदा बघत होते. शिक्षण बरोबर, अनुभव बरोबर, मशीनची हजेरी साक्षीला. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसातल्या सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला.

दाखल्यावर सही करायला सुयोगदादा कां-कूं करेल असं वाटलं होतं. ती गेली तर त्याला दुसरा डिप्लोमा शोधावा लागणार होता. पण त्यानं जाहिरात वाचली आणि हसून पेन उघडलं.

"देऊ की. शब्द दिलाय. प्रॅक्टिकल घेणार म्हणं तितं?"

"घेणार."

"बरं बरं," म्हणाला आणि सही केली. तो का हसला ते मला तेव्हा कळलं नाही.

सुहानाला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, सुई धरून लई दिवस झालं."

"अगं, शिकलेलं विसरतं का माणूस? सराव कर थोडा."

"कशावर करू?"

म्हटलं, बघ काहीतरी.

परीक्षेच्या दिवशी बापलेक सकाळच्या एसटीनं बारामतीला आले. मे महिना, डोक्यावर ऊन तापलेलं, आणि सिकंदरभाईंनी लांब बाह्यांचा शर्ट घातलेला, मनगटापर्यंत बटणं लावलेली. मी त्यांना रसवंतीत नेलं. ग्लास उचलताना एक बटण सुटलं आणि बाही वर सरकली. कोपराच्या आतली बाजू निळी-काळी पडली होती. काही डाग जुने, पिवळट झालेले, काही कालचे.

"हे काय हो?"

"काय न्हाय ताई," त्यांनी बाही खाली ओढली. "आधी पेरूवर करत हुती. पेरवाला कुठं शीर असती? मग म्हणलं, हितं टोच."

सुहाना ग्लासात बघत होती.

"दोन्ही हात दिलं तिला," सिकंदरभाई मला हळूच म्हणाले, जशी काही गुपिताची गोष्ट असावी. "उजव्यात गावती शीर. काल एकदा गावली हुती. तिची अम्मी वरडत हुती, पर मी म्हणलं, टोच आजून एकदा. फळ दाबून बघतो तशी दाबून बघ, म्हणलं."

मला त्या माणसापुढं मान वर करवेना.

प्रॅक्टिकल एका लांबड्या खोलीत होतं. दार उघडंच होतं, मी आणि सिकंदरभाई बाहेर उभे राहून बघत होतो. परीक्षा घेणारी बाई वयस्कर होती, शांत होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उमेदवार एकेक करून पुढं जात होते, खुर्चीतल्या माणसाच्या दंडाला रबरी पट्टी बांधत होते, रक्त काढत होते, परत येत होते. भाजी निवडावी इतकं सहज चाललं होतं. सुहानाची पाळी आली. बाईंनी दाखला वाचला.

"दोन वर्षं सरकारी दवाखान्यात? रोजचे पेशंट किती?"

"पन्नास-साठ," सुहाना म्हणाली. ते खरंच होतं.

"छान. कर सुरू."

तिनं पट्टी बांधली. बोटानं शीर शोधली, सोडली, परत शोधली. पहिल्यांदा टोचलं तेव्हा नळीत काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा खुर्चीतला माणूस कळवळला. तिसऱ्यांदा सुई नुसती हातातच राहिली, आणि माझ्या शेजारी सिकंदरभाईंनी नकळत स्वतःचा उजवा हात पुढं केला होता, दाराच्या अलीकडं, कुणाला दिसणार नाही असा.

बाईंनी तिच्या हातातून सुई काढून घेतली. मग तिचा हात उलटा करून तळवा बघितला. फिनेलनं सोललेला, भेगा पडलेला, झाडूच्या दांड्याचे घट्टे असलेला. बाई दाखल्याकडं बघत राहिल्या, परत तळव्याकडं बघत राहिल्या.

"बाळा, हे हात लॅबमधले नाहीत," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचं नाव घेतलं.

रिक्षानं एसटी स्टँडला आलो. मला कुणालातरी कडकडून शिव्या द्यायच्या होत्या, पण कुणाला द्यायच्या तेच ठरेना. दाखला खोटा म्हणावा तर तिचा डिप्लोमा खरा होता. पोरीला येत नाही म्हणावं तर दोन वर्षं तिला त्या दाराच्या आत जाऊच कुणी दिलं होतं? शेवटी रिक्षावाल्यावर ओरडले मी, विनाकारण.

वाटलं होतं, निदान झाडू तरी राहील. तोही राहिला नाही. त्याच महिन्यात सफाईवाल्यांची हजेरीही मशीनवर आली आणि सुहानाची आई वहिदा वयात बसेना म्हणून तिचं नाव उडालं. मी सुहानाला पुन्हा अकुशलमध्ये भरायला गेले तर कॉम्प्युटरनं घेतलंच नाही. तिच्या आधार नंबरावर कुशल, प्रयोगशाळा तंत्रज्ञ असं कायमचं चिकटलं होतं, आणि एक माणूस दोन ठिकाणी भरता येत नाही. लॅबमधून काढून झाडूवर टाकावं तर कुशल माणूस खालच्या वर्गात घेता येत नाही असा नियम. म्हणे कामगारांच्या भल्यासाठी केलाय.

"मग आता हिनं करायचं काय?" मी सुयोगदादाला विचारलं.

"काय करायचंय? सकाळ-संध्याकाळ यायचं, मशीनला तोंड दाखवायचं, सह्या करायच्या. गाडीभाडं आन् थोडं वर देतो मी. बसून पगार, ताई. लोक मागं लागत्यात असल्या नोकरीच्या."

तेव्हापासून सुहाना रोज वरकुट्याहून येते, मशीनसमोर उभी राहते आणि मग लॅबबाहेरच्या बाकावर बसते. झाडूवर आता फुलाबाई नावाची एक बाई आली आहे. ती फरशी पुसत आली की अदबीनं थांबते. "म्याडम, पाय वर घ्या जरा." सुहाना पाय वर घेते. पहिल्या दिवशी तिनं मॉप मागितला होता म्हणे, फुलाबाईला वाटलं म्याडम चेष्टा करतायत.

मी म्हटलं, सोड हे, दुसरीकडं कुठं बघू. ती म्हणाली, "कशावर बघणार ताई? फाईलवर?" खाजगी लॅबवालेही पहिल्यांदा सुईच हातात देतात.

गेल्या आठवड्यात हजेरीचे कागद घ्यायला गेले तर बाकावर सुहानाशेजारी सिकंदरभाई बसलेले. गाड्यावर उभं राहून चक्कर आली होती, डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली होती. त्यांना आत बोलावलं तशा आम्ही दोघी दारापर्यंत गेलो. सुहाना उंबऱ्याच्या बाहेरच थांबली, सवयीनं.

संदेशनं त्यांची बाही वर केली. डाग आता गेले होते, तरी कोपराच्या आत कातडी थोडी काळवंडलेली होती. त्यानं पट्टी बांधली, एकदा बोट फिरवलं आणि "काका, औंदा पेरूला भाव हाय का?" असं विचारता विचारता सुई आत घातली. नळी भरली. कापसाचा बोळा दाबला. झालं.

सिकंदरभाई हाताकडं बघत राहिले. "आरं! कळलंबी न्हाय!" ते एकदम म्हणाले, लहान पोरासारखे खूश होऊन.

आणि मग त्यांना दारातली पोरगी दिसली.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. काहीतरी सावरून घ्यायला बघत होते बिचारे, पण बोललेलं परत गिळता येत नाही. सुहाना आत आली नाही, मागंही सरली नाही. "कापूस दाबून धरा अब्बा," एवढंच म्हणाली. त्या पोरीनं दोन वर्षांत काय काय ऐकलं होतं, पण तिला मारलं ते या दोन शब्दांनी, आणि तेही त्या माणसाच्या तोंडून, ज्यानं तिच्यासाठी दोन्ही हात काळे करून घेतले होते.

संध्याकाळी संदेश गठ्ठा घेऊन बाहेर आला. ती बाकावर बसून सह्या करू लागली. पाचवा की सहावा कागद तिच्या वडिलांचा होता. तिनं आकडा वाचला, साखर वाढलेली होती. मग पेन टेकवलं आणि इतर कागदांवर केली तशीच सही केली, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून.

सिकंदरभाईंनी कागद हातात घेतला. बाकावर शेजारी काटेवाडीचा एक म्हातारा बसला होता, जावयाला भेटायला आलेला. त्यानं वाकून बघितलं.

"ह्या पोरीचीच सही व्हय? तुमची कोण?"

"लेक हाय माझी."

"नशीबवान हायसा. आन् रक्तबी हिनंच काढलं?"

सिकंदरभाईंनी मान खाली घातली आणि बाहीचं बटण लावायला घेतलं. ते काही केल्या लागेना. सुहाना वाकली, बटण लावून दिलं आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "व्हय. मीच काढलं."

मग मशीनला संध्याकाळचं तोंड दाखवायची वेळ झाली म्हणून ती उठली.